धाकटीचा उजवा कान

माझ्या बायकोची धाकटी बहीण पस्तीस वर्षं एकाच इस्पितळात नोकरी करते आहे, आणि ती तिथं नेमकं काय करते हे मला मागच्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर "फोनचं काहीतरी" असं म्हणून मी विषय बदलत असे. ती मात्र माझ्या प्रत्येक नव्या नाटकाला आली. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, शेवटचा पडदा पडेपर्यंत. नाटक पडलं तर सांगायची, "भावोजी, तुमचे जोडे छान वाजत होते." एवढ्या वर्षांत तिच्या कामाच्या जागी मी एकदाही गेलो नाही. शेवटी गेलो तेही स्वतःच्या पायांनी नाही, स्ट्रेचरवरून.

स्टेजवर दोन वेळा माझ्या पायाखालचा जिना कोसळला, तेव्हा साधं खरचटलंही नव्हतं. घरी दिवा बदलताना मात्र स्टुलावरून पडलो आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि मला तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात बारा नंबरची खाट मिळाली. वॉर्ड लांबट. एका टोकाला दार आणि दाराशी नर्सचं टेबल, दुसऱ्या टोकाला खिडकी आणि खिडकीच्या कोपऱ्यात मी. माझ्या शेजारी, अकरा नंबरला, एक वयस्क टेलरमास्तर होते. त्यांचा गुडघा बदलला होता. आम्हा दोघांच्या गळ्यात काडेपेटीहून थोडी मोठी अशी एकेक डबी अडकवलेली होती. ती डबी छातीचे ठोके मोजून वाऱ्यावरून नर्सच्या टेबलावरच्या पडद्याकडे धाडायची. तार नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास टेबलावर घंटी किणकिणली आणि मेट्रनबाई जवळजवळ पळतच माझ्या खाटेशी आल्या.

"आहात ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "का बरं?"

"पडद्यावर तुमची रेघ गेली."

मी आयुष्यात निदान चाळीस वेळा स्टेजवर मेलो असेन, पण मेल्याचं मला दुसऱ्यानं येऊन सांगावं लागलं, असं कधी झालं नव्हतं. मेट्रनबाईंनी माझी नाडी धरली, डबी हलवून पाहिली, आणि तेवढ्यात टेबलाकडून दुसरी नर्स ओरडली, "आली, आली." रेघ परत आली होती. मेट्रनबाई धापा टाकत म्हणाल्या, "बोलवा त्या डबेबाईला."

डबेबाई म्हणजे आमची धाकटी. इस्पितळाच्या छताला जागोजागी ताटाएवढे पांढरे डबे लावलेले असतात, वायफायचे. ते लावणं, जुळवणं, बिघडले की दुरुस्त करणं हे तिचं काम, म्हणून तिथं तिला सगळे डबेबाई म्हणतात. घरात ती अजून धाकटीच आहे, वय अठ्ठावन्न झालं तरी. ती आली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. लग्नकार्यात ज्या बाईला मी ताटं मोजताना पाहिलं होतं, तिच्या अंगात खिशाखिशांचं जाकीट होतं, केसांत पेन्सिल खोचलेली होती, एका हातात घडीची शिडी आणि दुसऱ्यात काचेच्या तोंडाचं एक जाड यंत्र. पायांत आवाज न करणारे बूट. आली, पण बोलली नाही. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून दोन मिनिटं नुसती ऐकत राहिली. खरं तर ऐकत यंत्र होतं, पण मान तिरकी हिची होती.

"शांत आहे," शेवटी ती म्हणाली. "दोन्हीकडे शांत आहे. मग रेघ जाते कशी?"

"मला विचारतेस?" मी म्हणालो.

"तुम्हाला नाही, भावोजी. तुम्ही पडून राहा. तेवढं जमतंय तुम्हाला."

तिच्या ऐकण्याची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय ही बाई कळणार नाही. ती इथं लागली ती तळघरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. भोकाभोकांचा उभा फळा, त्यात टोचायच्या दोऱ्या, आणि चार ऑपरेटर मुली. डाव्या कानावर हेडफोन, उजवा कान मोकळा. हिची करामत अशी होती की डाव्या बाजूनं एका लाईनवर "जोडते हं, थांबा" असं बोलत असतानाच उजव्या कानानं शेजारणीच्या लाईनवर काय चाललंय ते तिला शब्दन् शब्द ऐकू यायचं. बाकीच्या तिघींना हे जमत नसे. बोलताना त्यांना स्वतःखेरीज कुणी ऐकू येत नसे, जसं तुम्हाआम्हाला येत नाही. बायको सांगते की लहानपणीही ती आईला पाढे म्हणून दाखवायची आणि म्हणता म्हणता स्वयंपाकघरात कोण काय बोललं ते नंतर सगळं सांगायची. त्या वेळचे अधीक्षक पाहुणे आले की त्यांना मुद्दाम तळघरात नेऊन हिची करामत दाखवत. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिघीजणी चौकशीच्या खिडकीवर गेल्या. ही तारा ओढायला शिकली, आणि तारा गेल्या तेव्हा बिनतारीचं शिकली. एक्स्चेंजचा नियम मात्र तिनं सोडला नाही. आधी ऐकायचं, लाईन रिकामी असेल तरच बोलायचं.

"तुझे हे डबे करतात तरी काय?" मी त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला विचारलं. ती माझ्या डोक्यावरच्या डब्याला शिडी लावून उभी होती.

"हवा एकच आहे ना, भावोजी. सगळ्या यंत्रांनी एकदम बोललं तर कुणाचंच कुणाला कळायचं नाही. म्हणून प्रत्येकानं आधी ऐकायचं. शांत असेल तर मनात एक आकडा धरायचा आणि उलटं मोजत यायचं. शून्य आलं की बोलायचं."

"आणि मोजता मोजता मध्येच दुसरा बोलायला लागला तर?"

"मोजणं थांबवायचं. त्याचं झालं की उरलेलं मोजायचं."

"आकडा ठरवतो कोण?"

"ज्याचा तो. मनाला येईल तो."

टेलरमास्तर इतका वेळ डोळे मिटून पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "आमच्या घरी ही पद्धत लावली तर मी जन्मात बोलणार नाही. बायकोचा आकडा कायम शून्य."

"तुमचा किती?" धाकटीनं शिडीवरून विचारलं.

"माझं मोजणं अजून चालू आहे."

ती हसली आणि उतरली. पुढचं तिनं मला तीन वेळा सांगितलं आणि मला तीन वेळा वेगवेगळं समजलं. पूर्वीच्या डब्यांना एकच रस्ता होता. हे नवे डबे महिन्यापूर्वी बसवलेले, आणि यांना दोन रस्ते. ज्या यंत्राला दोन्ही रस्ते येतात त्यानं एक भरलेला दिसला तर दुसऱ्यानं जावं, किंवा दोन्हींवरून थोडं थोडं न्यावं. आमच्या गळ्यातल्या डब्या जुन्या. त्यांना एकच रस्ता येतो.

"म्हणजे गर्दी कमी व्हायला हवी," मी म्हणालो.

"हवी."

"झाली?"

"वाढली."

"का?"

"तेच शोधतेय ना," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं ऐकू आलं. चाळीस वर्षं मी आवाज ऐकून दुसऱ्याचं मन ओळखायचा धंदा केला आहे. ही बाई घाबरली होती.

कशाला घाबरली ते त्याच दुपारी समजलं. अधीक्षक वॉर्डात फेरीला आले होते. तरतरीत, सडपातळ माणूस, घड्याळाकडे न पाहता वेळ सांगणारा. मेट्रनबाईंनी त्यांच्यापुढे तक्रारींची वही उघडली. दोन आठवड्यांत एकोणीस वेळा रेघ गेली. एकोणीस वेळा नर्स धावली. एकालाही काही झालं नव्हतं, पण ज्या दिवशी खरंच काही होईल त्या दिवशी नर्स म्हणेल, 'जाऊ दे, नेहमीचंच आहे,' आणि चालत जाईल. मेट्रनबाईंनी हे शांतपणे सांगितलं, त्यामुळं जास्त लागलं.

अधीक्षक धाकटीकडे वळून म्हणाले, "शुक्रवारपर्यंत पाहा. नाही जमलं तर पूर्ण इमारतीचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ. तुमची दोन वर्षं राहिली आहेत ना? चौकशीच्या खिडकीवर बसा. आरामाचं काम आहे."

"हो," धाकटी म्हणाली.

ते गेल्यावर ती माझ्या खाटेशी आली आणि पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. "भावोजी, तिथं बसून लोकांना जिना कुठं आहे ते सांगायचं. पस्तीस वर्षांनंतर. जिना तर समोरच आहे."

तेव्हा मी ठरवलं की आपण मदत करायची. खाटेवर पडलेल्या नटापेक्षा मोकळा माणूस जगात नसतो. जेवणाच्या यादीच्या कागदामागं मी आणि मास्तरांनी नोंद ठेवायला सुरुवात केली. रेघ कधी गेली, तेव्हा वॉर्डात कोण होतं, काय चाललं होतं. दोन दिवसांत आमचा निष्कर्ष तयार झाला. माझी आणि मास्तरांची रेघ बहुतेक वेळा सकाळी अकराच्या आसपास जात होती, आणि अकराला चहाची गाडी येते. शिवाय जाते फक्त आम्हा खिडकीकडच्यांची. दाराजवळच्या एक आणि दोन नंबरवाल्यांची कधी गेली नव्हती, आणि त्यांना चहा आधी मिळतो. मला हे फार सूचक वाटलं.

"पितळेची किटली," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "धातू आहे. अडवत असेल."

धाकटीनं आम्हाला वेड्यात काढलं नाही. हा तिचा मोठेपणा. तिनं कागद नीट वाचला, यंत्र घेऊन चहाच्या गाडीमागं वॉर्डभर फिरली, किटली पुढं धरून पाहिली, मागं धरून पाहिली. चहावाल्या बाईंनी विचारलं, "काय शोधताय?" तर धाकटी म्हणाली, "मलाही माहीत नाही." त्या बाई दुसऱ्या दिवसापासून आमच्या कोपऱ्यात येईनाशा झाल्या. आमचा चहा मेट्रनबाईंना आणावा लागला, आणि त्यांनी आम्हाला त्याबद्दल जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. रेघ मात्र जातच राहिली.

मग तिनं डबी बदलली. मग डोक्यावरचा डबा बदलला. मग जुना डबा परत आणून लावला आणि नवा बाजूला ठेवला, तर रेघ गेली नाही. नवा परत लावला, तर गेली. म्हणजे दोष नव्या डब्यात, असं मला वाटलं. तिला वाटलं नाही. "डबा माझं ऐकतो. मी सांगितलं तेवढंच करतो," ती म्हणाली. तिचं यंत्र तर छातीठोकपणे सांगत होतं की प्रत्येक जण आधी ऐकतोय, मोजतोय, मगच बोलतोय. सगळे सभ्य, आणि तरीही कुणीतरी कुणाच्या तोंडावर बोलत होतं. मला वाटतं माणसाला चोर सापडला नाही तर त्याचा तेवढा जीव जात नाही. सगळे साव असूनही चोरी झाली की मात्र डोकं चालेनासं होतं.

बुधवारी संध्याकाळी बायको भेटायला आली. भेटायची वेळ चार ते सहा. तिनं खाटेवर रुमाल पसरला, फळं कापली, आणि मला न विचारता माझ्या तब्येतीबद्दल मास्तरांना विचारू लागली. तेवढ्यात धाकटी आली. डाव्या कानाला फोन. तळघरातल्या कुणाशी तरी एका तारेबद्दल बोलत ती मास्तरांच्या खाटेशी टेकून उभी राहिली. तिचा उजवा कान मास्तरांकडे.

मास्तर तिलाच काहीतरी सांगू लागले. त्यांचं बोलणं शिवणासारखं, एकेक टाका. "बाई, आज सकाळी काय झालं, सांगतो. माझ्या डबीचा सेल त्यांनी नवा घातला. तरी अकरा वाजता..."

धाकटीनं फोन बंद केला आणि त्याच श्वासात बायकोकडे वळून म्हणाली, "ताई, तू आलीस होय. मला वाटलं उद्या येणार. घरी किल्ली कुणाकडे ठेवलीस?"

मास्तर वाक्याच्या मध्यात थांबले. "बाई, मी बोलतोय."

"कधीपासून?"

"तुमचा फोन चालू होता तेव्हापासून."

"अगं, मीसुद्धा ऐकत होते त्यांचं," बायको म्हणाली. "तू आपली खुशाल मध्येच."

धाकटी ओशाळली. "मला वाटलं कुणी बोलत नाहीये. काहीतरी घर्रघर्र कानावर येत होतं. मला वाटलं पंखा."

"पंखा बंद आहे," मास्तर म्हणाले. त्यांना थोडं लागलं होतं.

धाकटीनं वर पाहिलं. पंखा बंद होता. मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. फोन परत कानाला लावला, समोर कुणी नसताना. "मास्तर, पुन्हा सांगा. दुसरं काहीतरी सांगा. मी इकडं बोलते. ताई, तू फक्त बघ." आणि ती फोनमध्ये आकडे म्हणू लागली. एक, दोन, तीन, चार. मास्तर गोंधळून माझ्याकडे पाहत आपल्या दुकानाबद्दल काहीतरी बोलू लागले. बारापर्यंत म्हणून ती थांबली. कान तसाच ठेवून उभी राहिली. मास्तर बोलतच होते.

"ऐकू येतंय का?" बायकोनं विचारलं.

"आवाज येतोय. शब्द लागत नाहीत."

तिसऱ्या वेळी ती आकडे न म्हणता सुरुवातीपासून गप्प राहिली, आणि मास्तरांचं सगळं तिला समजलं, दुकान, काजांचं मशीन, धाकटा भाऊ कामचुकार असल्याचंसुद्धा. सुरुवात कानावर पडली तर पुढचं हळू बोललेलंही कळत होतं. सुरुवात हुकली की सगळा पंखा.

ती माझ्या खाटेच्या कडेला बसली. खाटेवर बसायला मेट्रनबाईंची सक्त मनाई आहे, आणि तिला हे ठाऊक आहे.

"ताई, माझा कान गेला."

"वयच झालं की. माझे गुडघे गेले," बायको म्हणाली. "खालीच कानाचे डॉक्टर बसतात, उद्या दाखव."

"पण कधी गेला? मला कळलंसुद्धा नाही." ती आपला उजवा कान हातानं चाचपत होती, जणू तो खिशातून पडला असावा. बायकोनं फळाची एक फोड तिच्यापुढं धरली.

मग ती एकदम उठली. "एक्स-रे," ती म्हणाली.

"कान दाखवायला एक्स-रे कशाला?" बायको म्हणाली.

पण ती निघून गेली होती, शिडी आमच्याकडेच ठेवून. मेट्रनबाई येऊन विचारू लागल्या, ही शिडी कुणाची, खाटेची चादर कुणी चुरगळली, आणि बाई पळत कुठं गेल्या. आम्हाला तिन्हींपैकी फक्त दोनच उत्तरं येत होती.

गुरुवारी सकाळी जे झालं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिच्या शब्दांत मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. वॉर्डात रोज अकराला, चहाच्या गाडीबरोबरच, एक फिरतं एक्स-रे मशीन येतं. ते दाराशी कापडी पडद्यामागं उभं राहतं, त्यामुळं खिडकीकडून दिसत नाही. आम्हाला दिसली ती किटली. हे मशीन नवं, दोन्ही रस्ते येणारं. फोटो काढला की ते एका रस्त्यावरून तो डॉक्टरांकडे पाठवतं. फोटो मोठा, म्हणजे बोलणं लांबलचक. आणि बोलत असताना त्याला दुसऱ्या रस्त्यावरचं काही ऐकू येत नाही, स्वतःच्याच आवाजानं. त्या दुसऱ्या रस्त्यावर आमच्या डब्या बोलत असतात, लांबून, बारीक आवाजात. मशीनचं बोलणं संपतं आणि ते दुसऱ्या रस्त्याकडे कान देतं, तेव्हा आमच्या डबीचं वाक्य अर्ध्यावर आलेलं असतं. सुरुवात ऐकलेली नसल्यामुळं ती कुजबुज मशीनला बोलणं वाटतच नाही. ते समजतं, रस्ता रिकामा आहे. आणि घुसतं. दाराजवळच्या डब्यांचा आवाज त्याला मोठा येतो, म्हणून तो ओळखू येतो. मार खातात ते खिडकीकडचे.

धाकटीचं यंत्र दोन्हीकडे सतत ऐकायचं, मधे बोलायचं नाही. त्याला सगळ्या वाक्यांच्या सुरुवाती ऐकू यायच्या. म्हणून त्याला सगळं ठीक दिसायचं.

"मग हे डबे बनवणाऱ्या कंपनीला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"होतं. म्हणून त्यांनी त्यात थांबण्याची वेळ ठेवली होती. एका रस्त्यावर बोलून झालं की दुसऱ्या रस्त्यावर लगेच तोंड उघडायचं नाही. थोडा वेळ नुसतं ऐकायचं. कुणाच्या तरी नव्या वाक्याची सुरुवात कानावर पडली की मगच कळतं, कोण बोलतंय."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, फोटो उशिरा येतात. मी ती वेळ शून्य केली." ती खाली पाहत होती. "मला वाटलं, उगाच काय थांबायचं. रस्ता रिकामा दिसतोय तर रिकामा आहे. मी बोलता बोलता ऐकायचे ना, भावोजी. मला वाटलं ऐकू येतंच."

तिनं एक्स-रेवाल्याला दाराशी उभं करून रिकामे फोटो धाडायला लावले. तिसऱ्या फोटोला माझी रेघ गेली आणि मेट्रनबाई सवयीनं निघाल्या. धाकटीनं त्यांना हातानं थांबवलं. मग थांबण्याची वेळ होती तशी केली आणि पुन्हा धाडायला लावले. वीस, तीस, चाळीस फोटो. माझी रेघ जागची हलली नाही. एक्स-रेवाला कंटाळला. ती दिवसभर आणि शुक्रवारी दुपारपर्यंत टेबलाशेजारी स्टूल टाकून बसली आणि दर तासाला वहीत शून्य लिहीत गेली.

शुक्रवारी अधीक्षक आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की माझ्यासारखेच तेही दुसऱ्या रस्त्यावर हरवलेत.

"म्हणजे थोडक्यात, डब्यांत दोष होता," ते म्हणाले.

"नाही. दोष माझा."

"असं पाहा. डब्यांत दोष असं लिहिलंत तर कंपनी डबे बदलून देईल, विषय संपेल. तुमच्या हातून झालं असं लिहिलंत तर मला वर उत्तर द्यावं लागेल, आणि मग ती खिडकी..."

"डबे बदलले तरी नव्या डब्यांतही कुणीतरी कधीतरी शून्य करील," धाकटी म्हणाली. "डॉक्टर परत सांगतील, फोटो उशिरा येतात. कागदावर असलेलं बरं."

अधीक्षकांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, मी साक्षीदार असल्यासारखं. मी मान डोलावली. कशाला डोलावली ते मला सांगता येणार नाही. मास्तरांनीही डोलावली.

सोमवारी निकाल आला. इमारतीचं काम धाकटीकडेच राहिलं. अधीक्षकांनी वर काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. मेट्रनबाई त्यांच्या खोलीत पाऊण तास बसल्या होत्या, एवढंच नर्सनी सांगितलं. एक अट मात्र घातली गेली. यापुढं डब्यांत काहीही बदल करायचा तर आधी त्या मजल्याच्या मेट्रनबाईंची सही. ज्यांना धावावं लागतं त्यांनीच सही करायची, असा अधीक्षकांचा शेरा.

पहिला कागद, थांबण्याची वेळ परत ठेवल्याचा, दुसऱ्या दिवशीच आला. वॉकर धरून मी दाराच्या टेबलापर्यंत पहिल्यांदाच चालत आलो होतो आणि दम घेत खुर्चीवर बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. मेट्रनबाईंनी चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"हे थांबणं किती वेळाचं?"

"पापणी लवते ना, तेवढ्यात अशी कितीतरी थांबणी होऊन जातात."

मेट्रनबाईंनी पापणी लववून पाहिली. "मग डॉक्टरांना उशीर कशाचा वाटत होता?"

"तेच मला कळत नाही. मी शून्य केलं तेव्हा ते म्हणाले, वा, आता बरं झालं. गुरुवारी परत होतं तसं केलं, तर कुणी काही बोलले नाहीत. मी वाट पाहतेय."

"म्हणजे ज्यांनी तक्रार केली त्यांना फरक कळलाच नाही, आणि ज्यांना फरक पडला ते झोपून होते."

"हो."

मेट्रनबाईंनी पेन उघडलं. धाकटीनं बोट ठेवलं तिथं सही केली, मग कागद परत आपल्याकडे ओढला आणि सहीखाली बारीक अक्षरांत लिहिलं: 'समजलं नाही, पण पटलं.'

"असं नाही लिहिता येत," धाकटी म्हणाली. "समजून सही करायची आहे."

"मग समजवा." मेट्रनबाईंनी दुसरी खुर्ची पुढं ओढली. "सावकाश. माझ्या डावीकडं बसा, माझा उजवा कान कमी ऐकतो."

"हवा एकच आहे ना," धाकटी सांगू लागली.